दस्त्यावरचे ओरखडे

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, फर्माने, शिलालेख आपल्या डोळ्यांसमोर येतात. जुनी शिकारी रायफल हेही एक साधन आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ब्रिटनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफली जमवणारे आणि दुरुस्त करणारे शौकीन आहेत. त्यांच्या या छंदाकडे आपणही लक्ष द्यायला हवे. कारण यातल्या कित्येक रायफली हिंदुस्थानच्या जंगलांसाठी घडवल्या गेल्या होत्या.

या रायफलीचा बोल्ट हाताने मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलला की नवे आत बसते. जर्मनीतील पॉल माउझरची 1898 सालची रचना यात सर्वांत भरवशाची ठरली. लंडनचे जॉन रिग्बी ती यंत्रणा जर्मनीतून आणत आणि तिला नळी व अक्रोडाचा दस्ता जोडून आपले नाव घालत. अस्सल 'ब्रिटिश' म्हणून मिरवणाऱ्या रायफलीचे काळीज असे परके होते.

नळीवरचा आकडाही बोलतो. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून हिंदुस्थानात खासगी शिकाऱ्यांना .303 मापाची मनाई झाली. मग बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने .315 मापाच्या रायफली पुरवल्या. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही तेच माप चालू ठेवले. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. राज्यकर्त्यांची ही धास्ती पोलादावर आजही वाचता येते.

म्हणूनच दुरुस्तीचा प्रश्न नाजूक आहे. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतले रसायन जळून क्षार मागे ठेवी. गरम पाण्याने नळी धुतली नाही, तर हे क्षार हवेतला ओलावा ओढून आतून गंज चढवत. जाणता कारागीर हा गंज थांबवतो, दस्त्याला जवसाचे तेल चोळतो आणि तिथेच हात आवरतो. हौशी माणूस कानस आणि पॉलिश घेऊन बसतो. रायफल चकचकीत होते, पण अनुक्रमांक आणि चाचणीगृहाचे शिक्के पुसट होतात. अनुक्रमांक गेला की कारखान्याच्या खातेवहीशी नाते तुटते, आणि हत्यार बेवारस होते.

जिम कॉर्बेटची .275 रिग्बी रायफल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी ती त्याला भेट दिली. तिच्या चांदीच्या पट्टीवर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव आहे. वाघिणीवर चाललेली रायफल मात्र वेगळी, .500 मापाची होती. तिच्या गोळ्या संपल्यावर कॉर्बेटला तहसीलदाराची बंदूक मागून घ्यावी लागली. पुढे तहसीलदारालाही बंदूक बक्षीस मिळाली. पण हाक्यासाठी डोंगरावर उभे राहिलेल्या सुमारे तीनशे गावकऱ्यांना कुठल्याच पट्टीवर जागा मिळाली नाही. 2015 मध्ये रिग्बी कंपनीने ही रायफल विकत घेतली. तिचा मान मोठा आहे, यात शंका नाही. मात्र पट्टीवर जे कोरले तेवढाच इतिहास, असे मानणे धोक्याचे आहे.

खातेवही गिऱ्हाइकाचे नाव सांगते. ती रायफल खांद्यावर वाहणारा, रात्री तिला तेल लावणारा, जंगलात वाट दाखवणारा माणूस तिच्यात नसतो. त्याची काही खूण उरली असेल, तर ती दस्त्याच्या झिजलेल्या कडेत आणि ओरखड्यांतच. ते ओरखडे घासून काढणे म्हणजे निनावी माणसाची शेवटची सही पुसणे होय. जुन्या वस्तू जपणाऱ्यांनी, मग ती रायफल असो की घरातली आजोबांची पेटी, एवढे तरी भान ठेवावे, असे आम्हांला वाटते.