शहरी कबुतरे : उपद्रव आणि नियंत्रण
शहरांतील कबुतरे ही मूळच्या कड्याकपारींत राहणाऱ्या पारव्याची वंशज होत. इमारतींच्या वळचणी व सज्जे त्यांना कपारींसारखेच सोयीचे ठरतात. मादी एका वेळी सहसा दोन अंडी घालते. सुमारे १८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. अन्न मुबलक असल्यास वर्षभर वीण सुरू राहते.

वाळलेल्या विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना ॲलर्जीजन्य दाह होतो व कायमची इजा होऊ शकते.

केवळ कबुतरे मारल्याने प्रश्न सुटत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात वर्षानुवर्षे कबुतरे मारूनही त्यांची संख्या कायम राहिली. उपलब्ध अन्नावर नवी पिल्ले वाढत. १९८८ पासून दाणे न टाकण्याविषयी लोकजागृती केल्यावर सुमारे चार वर्षांत ती निम्म्यावर आली. मुंबईत जुलै २०२५ मध्ये शासनाने ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, तेव्हा भूतदयेपोटी दाणे घालणाऱ्यांनी विरोध केला.

घरी खिडक्या व सज्जांना जाळी बसवावी. विष्ठा कोरडी न झाडता, मुखपट्टी बांधून, पाण्याने भिजवून काढावी. अन्नाचा पुरवठा आटला, तरच हे उपाय टिकाऊ ठरतात.