भाषेची परीक्षा नेमकं काय मोजते? दहावीच्या ‘त्या’ २० गुणांवरून समजून घ्या मूल्यमापनातल्या ५ संकल्पना

जून २०१९. महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा निकाल लागला आणि पालकांना धक्काच बसला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल थेट ७७.१० टक्क्यांवर आला होता.

त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेचं स्वरूपही नवं होतं. त्यामुळे घसरणीचं कारण एकच होतं असं म्हणता येत नाही. पण सगळ्यात जास्त चर्चा झाली ती भाषा विषयांच्या २० गुणांची. शाळेत होणाऱ्या तोंडी परीक्षेचे हे गुण त्या वर्षी बंद झाले होते आणि लेखी पेपर १०० गुणांचा झाला होता. इतर बोर्डांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळत असल्यामुळे अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागे पडतील, अशी भीती व्यक्त झाली. पुढे समिती नेमली गेली आणि २०१९-२० पासून ८० गुण लेखी, २० गुण अंतर्गत ही पद्धत परत आली.

मग हे २० गुण ‘फुकटचे’ होते की गरजेचे? उत्तर शोधायचं तर भाषा मूल्यमापनातल्या काही संकल्पना माहीत हव्यात.

१. सप्रमाणता : जे मोजायचं तेच मोजलं जातंय का?

ताप बघायला कुणी वजनकाटा वापरत नाही. परीक्षेचंही तसंच आहे. भाषेची मूलभूत कौशल्यं चार : श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन. तीन तासांचा लेखी पेपर यातली शेवटची दोनच तपासतो. म्हणजे ‘मराठीत ८५ गुण’ याचा अर्थ मुलाला चारचौघांत मराठीत मुद्दा मांडता येतो, असा होत नाही.

गाइडमधला निबंध पाठ करून उतरवला तर तिथे लेखन नाही, पाठांतर मोजलं जातं. पेपरात अपठित उतारा देतात तो याचसाठी. तो आधी वाचलेलाच नसतो, त्यामुळे आकलन खरंच तपासलं जातं.

२. विश्वसनीयता : तपासणारा बदलला तर गुण बदलतील का?

एकच निबंध एका परीक्षकाने तपासला तर ७ गुण आणि दुसऱ्याने तपासला तर ४, असं झालं तर त्या गुणांवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणूनच बोर्डाच्या पेपरसाठी परीक्षकाच्या वर नियामक असतात.

शाळेतल्या तोंडी परीक्षेत हीच बाजू लंगडी होती. मुलं शाळेची, शिक्षक शाळेचे आणि निकाल चांगला लागला तर नावही शाळेचंच. गुणांची खैरात होते, ही तक्रार त्यातूनच आली.

खरी अडचण इथे आहे. तोंडी परीक्षेमुळे सप्रमाणता वाढते, पण गुणांची विश्वसनीयता सांभाळणं अवघड जातं. पर्याय निवडायच्या प्रश्नांचं उलट असतं. कुणीही तपासले तरी गुण तेच येतात, पण मूल बोलतं कसं हे कळतच नाही. २०१९मध्ये गुणांची खैरात थांबली, पण तिच्यासोबत बोलण्याची परीक्षाही गेली.

३. वॉशबॅक : परीक्षेचा वर्गावर होणारा परिणाम

‘हे परीक्षेला येणार का?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात ऐकू येतो. परीक्षेमुळे शिकवण्याची दिशा बदलते, त्याला वॉशबॅक म्हणतात. बोलण्याला गुण नसतील तर वर्गात संवाद, वाद-चर्चा, प्रकट वाचन यांच्या तासिका सगळ्यात आधी कापल्या जातात. पण गुण असूनही ते सगळ्यांना सारखेच वाटले जात असतील, तरी परिणाम तोच होतो. न बोलता गुण मिळणार असतील तर बोलायला शिकवायचं कशाला?

४. आकारिक आणि संकलित मूल्यमापन

पहिली ते आठवीच्या पालकांना हे शब्द प्रगतिपुस्तकात दिसतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी ‘किती आलं’ हे बघणं. आकारिक म्हणजे शिकणं चालू असतानाच ‘कुठे अडतंय’ हे बघणं. त्यासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं असतात. मूल जोडाक्षरांपाशी अडखळतंय हे जुलैत कळलं तर उपाय करता येतो. मार्चमध्ये कळलं तर फक्त नोंद होते. आकारिक नोंदी वर्षाच्या शेवटी एकदम भरल्या, तर त्यांचा उपयोग उरत नाही.

५. तुलना की निकष?

स्पर्धा परीक्षेतला पर्सेंटाइल सांगतो की तुम्ही इतरांच्या किती पुढे आहात. निकषाधारित चाचणी सांगते की तुम्हाला काय येतं.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून होणारी ‘असर’ पाहणी हे याचं सोपं उदाहरण आहे. घरी जाऊन एकेका मुलाला वाचायला दिलं जातं. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे टप्पे असतात. मूल ज्या टप्प्यापर्यंत नीट वाचतं, ती त्याची पातळी. इथे पहिला नंबर नाही आणि नापासही नाही. पण पाचवीतलं मूल परिच्छेदावरच थांबलं, तर पुढे कुठून सुरुवात करायची हे शिक्षकाला लगेच कळतं.

मग त्या २० गुणांचं काय?

तोंडी परीक्षा ठेवायची आणि गुणही भरवशाचे हवेत, तर त्याचे मार्ग आहेत. उच्चार, आशय, मांडणी, प्रश्नांना दिलेली उत्तरं यांना किती गुण हे आधीच ठरवून मुलांना सांगता येतं. दोन शिक्षक स्वतंत्रपणे गुण देऊ शकतात. काही मुलांचं बोलणं रेकॉर्ड करून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाकडून पडताळता येतं. याला वेळ आणि माणसं लागतात. म्हणून परीक्षा किती व्यवहार्य आहे, हाही मूल्यमापनातला एक निकष मानला जातो.

पुढच्या वेळी प्रगतिपुस्तक हातात आलं की ‘किती मिळाले?’ या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारता येईल : ‘हे गुण नेमके कशाचे?’