पाण्याचे गोठणे व प्रसरण-ऊर्जा

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. द्रवात दाटीवाटीने सरकणारे रेणू बर्फात हायड्रोजन बंधांनी प्रत्येकी चार शेजाऱ्यांशी ठरावीक कोनांत जोडले जातात आणि त्या षट्कोनी जाळीत पोकळी अधिक राहते. बंध जुळले की रेणूंची स्थितिज ऊर्जा घटते. दर किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हाच अप्रकट उष्मा.

पाणी गोठताना ऊर्जा गमावते, तर बाटली फोडण्याचे बळ कुठून येते? ही शंका विद्यार्थी हमखास काढतात आणि ती रास्त आहे. ते बळ बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतूनच येते. उघड्या भांड्यात एक किलो पाण्याला फुगताना फक्त हवा मागे सारायची असते. त्यासाठी जेमतेम ९ ज्यूल पुरतात. बर्फ कारखान्यातल्या साच्याचे तोंड उघडे असल्याने लादी वर फुगते, साचा शाबूत राहतो.

बंदिस्त फटीत हिशेब बदलतो. दाब वाढला की गोठणबिंदू उतरतो. म्हणून नेमक्या ०° से.ला बर्फ खडक फोडू शकत नाही. शून्याखालच्या पहिल्या काही अंशांत दर अंशामागे किलोला सुमारे १.२ किलोज्यूल काम मिळू शकते, म्हणजे सुमारे १३० वातावरणांइतका दाब. −२२° से. आणि २,००० वातावरणांच्या आसपास ही वाढ थांबते, कारण त्यापुढे पाण्याहून जड असे बर्फाचे वेगळे रूप तयार होते. खडक त्याच्या कितीतरी आधी चिरतो.

विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आज पाणी गोठून खडक असा चिरत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७–४८° से.पर्यंत चढतो. पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि बर्फाखाली होता. चंद्रपूरच्या पश्चिम-नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या खोऱ्यात इरई गावाजवळ त्याचा पुरावा उघड्यावर आहे. तेथील प्राचीन चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला असून त्यावर समांतर ओरखडे व खाचा आहेत; वर तालचेर शैलसमूहाचा गोट्यांचा थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये याची नोंद प्रसिद्ध केली. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी हिमनदीच्या कार्याचा पुरावा म्हणून या जागेचा पुन्हा अभ्यास मांडला. विदर्भातल्या प्रत्येक भूगोल-शिक्षकाने मुलांना दाखवावी अशी ही जागा आहे.

ओरखड्यांमागे हेच भौतिकशास्त्र आहे. एक किलोमीटर जाड बर्फाखाली सुमारे ९० वातावरणांचा दाब असतो आणि गोठणबिंदू ०.७ अंशाने उतरतो. सरकता बर्फ तळाच्या लहान उंचवट्यावर रेटला जातो, त्या बाजूला वितळतो, पाणी पलीकडे वाहते आणि दाब कमी होताच पुन्हा गोठते. तिथे सुटलेला अप्रकट उष्मा उंचवट्याच्या दगडातून मागे येऊन पुढचा बर्फ वितळवतो. फटीत गोठलेले पाणी खडकाचे तुकडे उपटते. बर्फात रुतलेले हे तुकडे खालचा चुनखडक ओरबाडत जातात. हवामान उबदार झाल्यावर याच तालचेर थरांवर दलदली पसरल्या आणि बल्लारपूर, दुर्गापूरच्या खाणींतला कोळसा साचला.