व्हिडिओ कला : यंत्र थकल्यावर कलाकृतीचे काय?

दक्षिण कोरियात सोल शहराजवळच्या ग्वाचॉन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात दूरचित्रवाणी संचांचा एक मनोरा उभा आहे. उंची सुमारे १८ मीटर, संच १,००३. नाम जून पाइक यांनी १९८८ मध्ये, सोल ऑलिंपिकच्या वर्षी, तो रचला. ‘द मोअर, द बेटर’ हे त्याचे नाव. संचांची संख्या ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रस्थापना दिनावरून घेतली आहे. तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, जुने संच निकामी होऊ लागल्यामुळे आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव हा मनोरा बंद करावा लागला. ज्या जाड काचेच्या नळीचे ते संच होते, त्या नळीचे उत्पादनच तोवर जवळपास थांबले होते. तैलचित्र मळले तर स्वच्छ करता येते, भंगलेले शिल्प सांधता येते. पण ज्या यंत्रातून कलाकृती दिसते ते यंत्रच कालबाह्य झाले तर काय जपायचे? व्हिडिओ कलेचा इतिहास या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

स्वरूप

हलते चित्र आणि ध्वनी यांना माध्यम मानून, चित्रपटगृहाऐवजी मुख्यतः कलादालनासाठी केलेली निर्मिती म्हणजे व्हिडिओ कला. तिला कथानक असेलच असे नाही. पुष्कळदा चित्रफीत संपताच पुन्हा सुरू होते. प्रेक्षक मध्येच येतो, हवा तेवढा वेळ थांबतो आणि निघून जातो. एका पडद्यावरच्या कलाकृतीला ‘एकवाहिनी’, तर अनेक पडद्यांवर एकाच वेळी चालणाऱ्या कलाकृतीला ‘बहुवाहिनी’ म्हणतात. पडद्यांची जागा, खोलीतला अंधार, प्रेक्षकाची चाल हे सारे रचनेचाच भाग ठरते, तेव्हा ते मांडणशिल्प होते.

आरंभ

या कलेचे जनक म्हणून पाइक यांचे नाव घेतले जाते. १९३२ मध्ये सोल येथे जन्मलेले पाइक टोकियोत आणि पुढे जर्मनीत संगीत शिकले. १९६३ मध्ये वुपर्टाल येथील प्रदर्शनात त्यांनी आतल्या जोडणीत फेरफार केलेले दूरचित्रवाणी संच मांडले. घरोघरी निमूटपणे पाहिले जाणारे चित्र त्यांनी वाकवले आणि विस्कटले. १९७४ च्या ‘टीव्ही बुद्ध’ मध्ये बुद्धाची मूर्ती समोरच्या संचात स्वतःचीच प्रतिमा पाहत बसलेली आहे. मागे लावलेला कॅमेरा ती प्रतिमा त्याच क्षणी पडद्यावर आणतो.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका माणसाला उचलून नेता येईल असा व्हिडिओ संच बाजारात आला आणि कलाकारांना नवे साधन मिळाले. फिल्म प्रयोगशाळेत धुऊन आणावी लागे. चुंबकीय फितीवरचे चित्र मात्र लगेच पाहता येई, पुसून पुन्हा टिपता येई. स्त्री कलाकारांनी या साधनाचा विशेष उपयोग केला. अमेरिकेच्या मार्था रोस्लर यांनी १९७५ मध्ये केलेल्या ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ मध्ये स्वयंपाकघरातील वस्तू इंग्रजी वर्णक्रमाने दाखवल्या आहेत. प्रत्येक वस्तू हाताळताना हाताचा वाढत जाणारा आवेग पाककृतीच्या कार्यक्रमाचे रूपांतर निषेधात करतो.

भारतातील वाटचाल

भारतात व्हिडिओ यंत्रे सहज मिळू लागण्यापूर्वीच चित्रकारांनी फिल्मवर प्रयोग सुरू केले होते. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मिळालेल्या जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या आधारे मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार तेथे एकत्र आले. पदमसींचा ‘सिझिजी’ हा मूक, कृष्णधवल चित्रपट रेषांच्या गणिती मांडणीवर आधारलेला आहे.

याच कार्यशाळेत तरुण नलिनी मालाणी यांनी १९६९ मध्ये ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट केला. त्यात नव्या नगररचनेची स्वप्ने रंगीत प्रकाशातल्या प्रतिकृतींमधून उमटली. पुढे १९७६ च्या दुसऱ्या लघुपटात एक तरुणी खिडकीतून मुंबईतील झोपडवस्तीकडे पाहते. हे दोन्ही लघुपट शेजारी शेजारी दाखवून ‘युटोपिया’ ही कलाकृती साकारली. स्वप्न आणि त्याचा भंग एकाच भिंतीवर!

१९९० च्या दशकात या माध्यमाने देशात मूळ धरले. मालाणी यांनी १९९८-९९ मध्ये सआदत हसन मंटो यांच्या कथेचा आधार घेऊन ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे मांडणशिल्प केले. त्याला पोखरण अणुचाचण्यांची पार्श्वभूमी होती. पत्र्याच्या ट्रंकांमध्ये दूरचित्रवाणी संच ठेवून त्यांनी फाळणीतील विस्थापन प्रेक्षकाच्या पायाशी आणून ठेवले. रणबीर कालेका यांनी रंगवलेल्या कॅनव्हासवरच चित्रफीत प्रक्षेपित केली. स्थिर चित्रातला माणूस अचानक श्वास घेतो आहे असे वाटते. अमर कंवर यांच्या ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ (२००७) मध्ये आठ पडद्यांवर स्त्रियांवरील अत्याचारांच्या स्मृती उलगडतात. मुंबईच्या ‘कॅम्प’ या गटाने ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ (२०१३) मध्ये कच्छच्या आखातातून निघणाऱ्या गलबतांवरील खलाशांनी स्वतः मोबाइलवर टिपलेली दृश्ये वापरली.

जतनाचा प्रश्न

पदमसींनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा आणखी एक चित्रपट केला होता. त्याची एकच प्रत होती आणि ती हरवली. अनेक दशकांनी दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या चित्रपटाचा शोध घेणारी, त्याच नावाची फिल्म २०१६ मध्ये केली. मूळ कलाकृती मात्र स्मरणातच उरली.

प्रती असल्या तरी धोका टळत नाही. चुंबकीय फितीचा लेप काळाबरोबर झिजतो, दमट हवेत फिती चिकटतात, आणि फीत शाबूत असली तरी ती चालवणारे यंत्र मिळेनासे होते. संगणकीय प्रतही काही वर्षांनी नव्या स्वरूपात उतरवून घ्यावी लागते. म्हणूनच काही संग्रहालये आता कलाकाराच्या हयातीतच विचारून ठेवतात : पडदा बदलला तर चालेल का? आवाज किती असावा? खोली केवढी असावी? ही उत्तरे कलाकृतीइतकीच जपावी लागतात.

ग्वाचॉनच्या मनोऱ्याबाबत असाच विचार झाला. शक्य तितके जुने संच दुरुस्त केले गेले किंवा वापरलेले तसेच संच शोधून बसवले गेले; अशांची संख्या ७३७. वरच्या भागातील २६६ लहान संचांच्या जागी सपाट पडदे आले, पण बाह्यरूप शक्यतो पूर्वीचेच राखले. यंत्रे बदलण्यास स्वतः पाइक यांची हरकत नव्हती. त्यांचे निधन २००६ मध्ये झाले. मनोरा सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा उजळला.

पणजीत २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे गोव्यातील प्रेक्षकाला हलत्या चित्रांची मांडणशिल्पे नवखी राहिलेली नाहीत. अशा दालनात शिरताना दाराजवळची पाटी अवश्य वाचावी. वर्ष, कालावधी, वाहिन्यांची संख्या आणि मूळ माध्यम यांची नोंद तिच्यावर असते. समोर दिसते ती प्रतिमा कोणत्या यंत्रातून निघून आपल्यापर्यंत पोहोचली, याचा पहिला पुरावा तोच असतो.