मधल्या स्वराचा साधक : विल्यम प्रिमरोझ

पाश्चात्य वाद्यवृंदांत व्हायोलिन सर्वांच्या परिचयाचें; परंतु त्याच्याच पंक्तीला बसणारा, आकारानें किंचित् मोठा व स्वरानें एका पंचमानें खालचा असा जो व्हायोला, त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वरचें व्हायोलिन आणि खालचा चेलो यांच्या मधली जागा भरावयाची, हें त्याचें काम. व्हायोलिन ज्याला साधलें नाहीं त्यानें व्हायोलाकडे वळावें, असा समज एकोणिसाव्या शतकांत रूढ होता. हा समज ज्यांनीं खोटा ठरविला त्यांत विल्यम प्रिमरोझ यांचें नांव अग्रभागीं आहे.

प्रिमरोझ यांचा जन्म १९०४ सालीं स्कॉटलंडमधील ग्लासगो येथें झाला. त्यांचें शिक्षण झालें तें व्हायोलिनवादक म्हणूनच. पुढें बेल्जियममध्यें थोर वादक इझाई यांच्यापाशीं ते शिकत असतां, ‘व्हायोला हातीं घ्या,’ असा सल्ला खुद्द गुरूंनींच दिला. १९३० सालीं ‘लंडन स्ट्रिंग क्वार्टेट’ या चार वादकांच्या संचांत ते व्हायोलावादक म्हणून दाखल झाले. ज्या वाद्यावर कीर्ति मिळावयाची तें बाजूस ठेवून उपेक्षित वाद्य पत्करणें, हा व्यवहारदृष्ट्या तोट्याचाच सौदा होता.

परंतु चौघांच्या संचांत कोणी सूत्रधार नसतो. प्रत्येकाला इतर तिघांचें ऐकतच वाजवावें लागतें. त्यांतून मधला स्वर डळमळला कीं सारी वीणच उसवते. ही शिस्त अंगीं बाणल्यावर १९३७ सालीं न्यूयॉर्कमध्यें टोस्कानिनी यांच्यासाठीं नभोवाणीचा जो नवा वाद्यवृंद उभारण्यांत आला, त्यांत प्रिमरोझ यांनीं स्थान मिळविलें. १९३९ सालीं तेथील सहकाऱ्यांना घेऊन त्यांनीं स्वतःच्या नांवाचा चौघांचा संच काढला आणि १९४१ सालीं वाद्यवृंद सोडून ते एकलवादनाकडे वळले.

एकलवादकाला वाजवावयास रचना हव्यात, आणि व्हायोलासाठीं त्या मोजक्याच होत्या. म्हणून त्यांनीं हंगेरियन संगीतकार बार्टोक यांना एक कन्चेर्टो लिहावयास सांगितलें. बार्टोक त्या वेळीं अमेरिकेंत परागंदा व दुर्धर रोगानें ग्रस्त होते. सप्टेंबर १९४५ मध्यें, कच्चा आराखडा तयार आहे, असें त्यांनीं प्रिमरोझ यांना कळविलें, आणि त्याच महिन्यांत ते निवर्तले. मागें राहिले ते कांहीं दुर्बोध, खाडाखोडीचे कागद. टिबोर शेर्ली या मित्रानें ते परिश्रमानें जुळविले, आणि २ डिसेंबर १९४९ रोजीं मिनियापोलिस येथें प्रिमरोझ यांनीं ती रचना प्रथम लोकांसमोर वाजविली. तींतील बार्टोकचें किती व शेर्लींचें किती, हा वाद पुढेंहि चालू राहिला. १९९५ सालीं तर तिची सुधारलेली दुसरी आवृत्ति निघाली. तरीहि व्हायोलाच्या भांडारांत त्या रचनेचें स्थान अढळ आहे.

प्रिमरोझ १९८२ सालीं दिवंगत झाले. एकट्यानें व्यासपीठावर उभें राहण्याचा अधिकार त्यांनीं मिळविला, तो आधीं अनेक वर्षें इतरांच्या मधोमध बसून. ती साधना नसती, तर बार्टोकच्या त्या कागदांना वाली कोण मिळाला असता?