सोमवारची छाती

"सोमवारी तुझ्या आजोबांची छाती धरायची," आजी सांगायची. "रविवारी माणूस बरं असायचं. गॅलरीत बसून पेपर वाचायचं, संध्याकाळी भजनाला जायचं. सोमवारी पाळी करून आलं की जिना चढताना दोनदा थांबायचं. गुरुवारपर्यंत पुन्हा जरा सुटायचं."

आजोबा गिरणीच्या ब्लोरूममध्ये होते. कापसाच्या गाठी तिथे फोडल्या जात आणि पिंजल्या जात. हवेत सतत कापूस तरंगायचा, भुवयांवर बसायचा. आजी रोज त्यांच्या डब्यात गुळाचा खडा ठेवायची, घसा सुटावा म्हणून. ती स्वतः वाइंडिंग खात्यात होती. दोघांची कमाई, लालबागच्या चाळीतली एक खोली आणि लांज्याकडचं गाव, एवढं त्यांचं जग.

मी आज ज्या इमारतीत बसते, ती लोअर परळमध्ये एका बंद गिरणीच्या आवारात उभी आहे. चिमणी अजून राखून ठेवली आहे. आमची कंपनी आरोग्याच्या आकडेवारीचं विश्लेषण करते. रुग्णालयांची बिलं, विम्याचे दावे, तपासण्यांचे निकाल आमच्याकडे येतात आणि कुठला आजार कुठे वाढतोय, खर्च कुठे होतोय हे आम्ही शोधतो. त्याशिवाय गेली सहा वर्षं कंपनीचं महिन्याचं वार्तापत्र माझ्याकडे आहे. नवी कामं, बढत्या, वाढदिवस आणि शेवटच्या पानावर कर्मचाऱ्यांचं आरोग्य. ते शेवटचं पान लिहिताना मला आजीचा सोमवार आठवतो. म्हणून या परिसरात कामगारांच्या तब्येतीची नोंद कशी सुरू झाली, याच्या मागे मी लागले.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. आठवडा पुढे सरकतो तसा सुरुवातीला त्रास ओसरतो, वर्षं गेली की तो रोजचाच होतो. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये या आजाराचा अनेक वर्षं माग काढला. हे वाचताना माझ्या लक्षात आलं की आजोबांचा सोमवार कळायला आधी रविवार मोकळा असावा लागतो. रोजच धूळ छातीत गेली तर छाती कधी धरते आणि कधी सुटते, हे माणसाला स्वतःलाही कळणार नाही. आणि मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काचा रविवार मिळायला पहिल्या गिरणीनंतर पस्तीसेक वर्षं लागली.

कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा पाया १८५४ मध्ये घातला. त्यानंतर धुराडी वाढत गेली. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायचं, म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तशी पाळीही मोठी. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणाला किंवा यंत्रं साफ करायची असली की गिरणी बंद. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मुलं आणि बायकांच्या कामावर मर्यादा यावी म्हणून १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा केला. १८८१ मध्ये फॅक्टरी कायदा आला, पण त्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्याची बंदी आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, एवढंच मुख्यतः साधलं. मोठ्या माणसांच्या तासांना त्यानं हात लावला नाही.

याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल होता. आत काय चालतं हे त्यानं रोज जवळून पाहिलं होतं. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेलं 'दीनबंधु' पत्र लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणलं आणि स्वतः चालवलं. गिरणीच्या आतली बातमी गिरणीतल्या माणसाच्या बाजूनं तिथे छापली जाऊ लागली. वार्तापत्र चालवणारी बाई म्हणून मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. कामगारांच्या तब्येतीबद्दल सरकारकडे तक्ते नव्हते, डॉक्टरांचे अहवाल नव्हते, तेव्हा एका साप्ताहिकानं ते काम अंगावर घेतलं.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या. सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायचा अर्ज तिथे तयार झाला आणि त्यावर ५,५०० कामगारांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले. मागण्या पाच होत्या. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि पाचवी : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाल्यास पोटापुरती तरतूद.

पाचवी मागणी मी पुन्हा पुन्हा वाचते. आज आम्ही ज्याला अपघात संरक्षण म्हणतो, ते यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसानं स्वतःच्या भाषेत मागितलं होतं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे त्या अर्जानंतर ३९ वर्षांनी.

रविवार मात्र लवकर आला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यानं ती पक्की झाली आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची हद्द पडली. आजोबांचा पेपर, भजन आणि सुटलेला श्वास त्या दिवसापासून मोजायला हवा.

लोखंड्यांनी सुट्टी मिळवून दिली हे पुष्कळांना ठाऊक असतं. ते कसे गेले हे फारसं सांगितलं जात नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोव्यातून आलेला हा डॉक्टर गल्ल्यागल्ल्यांतून उपचार करत हिंडत होता. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. माणसं मिळेनात म्हणून गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लोखंड्यांनी रुग्णालय उघडलं, स्वतः रोग्यांमध्ये वावरले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनंच गेले. त्याच आठवड्यांत भायखळ्याच्या तुरुंगात शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची नवी लस कैद्यांना टोचली जात होती. टोचलेले आणि न टोचलेले असे दोन गट करून दोन्हींत किती आजारी पडले, किती दगावले हे लिहून ठेवलं गेलं. आम्ही आज संगणकावर जे करतो त्याचं मूळ रूप माझ्या कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं होतं.

कामगाराच्या घरात डोकावून मोजणी करायला १९२१ साल उजाडलं. मुंबई सरकारनं तेव्हा कामगार कचेरी काढली आणि 'लेबर गॅझेट' सुरू केलं. कचेरीनं २,४७३ कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. धान्य किती, डाळ किती, भाडं किती, कर्ज किती. त्यातून निघालेला एक निष्कर्ष अंगावर काटा आणतो : तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं धान्य लिहिलेलं होतं, त्याहून कमी हा कामगार खात होता.

त्याच सुमारास डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरला गिरणीतल्या बायकांचा अभ्यास करायला नेमलं गेलं. तिचा अहवाल १९२२ मध्ये 'लेबर गॅझेट'मध्ये छापला गेला. गिरणीत राबणाऱ्या आयांच्या बाळांपैकी शेकडा ९८ बाळांना अफू दिली जात होती. अफूच्या त्या गोळीला बाळगोळी म्हणत. आई दहा तास पाळीवर, खोलीत बघायला कुणी नाही, बाळ झोपून राहावं एवढाच हेतू. तो ९८ हा आकडा वाचून मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "माझ्या वेळेला पाळणाघर होतं गं. पण माझ्या सासूच्या तोंडी बाळगोळी हा शब्द असायचा."

आकडे शिकलेल्या माणसालाही फसवू शकतात, हेही मला याच काळानं शिकवलं. १९२१ मध्ये मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा आठशेच्या वर होता. हे भयंकर होतंच. एका खोलीत दोन-तीन कुटुंबं, ओल, संडासांची दुर्दशा, दूध नाही, अफू. पण या आकड्याच्या छेदात एक भोक होतं. कोकणातल्या आणि घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्म गावी व्हायचा, त्याची नोंद मुंबईत नसायची. मग आई तान्ह्या बाळाला घेऊन पाळीवर परतायची, आणि बाळ गेलं तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत व्हायची. अंशात ते बाळ होतं, छेदात नव्हतं.

माझे बाबा असेच लांज्याजवळ जन्मले. तीन महिन्यांचे असताना आजी त्यांना घेऊन एसटीनं मुंबईला आली. ते जगले, म्हणून शहराच्या कुठल्याच रकान्यात आले नाहीत.

या मोजणीचा उपयोग झाला, कारण ती बोलणाऱ्या माणसांच्या हाती पडली. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तोच विषय आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली आणि आईच्या विश्रांतीत साऱ्या समाजाचं हित असल्यामुळे सरकारनंही या खर्चाचा वाटा उचलावा, असं मांडलं. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतिणीला ठरावीक आठवडे सुट्टी आणि रोजचे आठ आणे. असा कायदा देशात पहिला मुंबई प्रांतानं केला.

पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. काही वर्षांत ती मुंबईतही पोहोचली. आजीच्या ट्रंकेत विम्याचं कार्ड आणि गिरणीचा बिल्ला एकाच रुमालात बांधलेले असायचे. दुकानाच्या गाळ्यात बसणाऱ्या विम्याच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली की आजारपणाचा खाडा फुकट जायचा नाही. ही तिच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट होती. "आजारी पडलं तरी आपलं नाव हजेरीत राहायचं," ती म्हणायची. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ते नावही गेलं. आजोबांना कामावर परत बोलावणं आलं नाही. त्यांची छाती मग सगळेच वार धरू लागली.

गेल्या महिन्यात आरोग्याच्या पानासाठी मी आमच्याच कंपनीचे वार्षिक तपासणीचे आकडे मांडत होते. किती जणांची साखर वाढली, किती जणांची झोप कमी. छेदात लिहिलं, सर्व कर्मचारी. हात थांबला. आमच्या मजल्यावर रोज सकाळी साडेसातला फरशी पुसणाऱ्या मावशी, रात्रपाळीचे दोन सुरक्षारक्षक, कॅन्टीनमध्ये चहा देणारी मुलं यातले कुणीच त्यात नव्हते. ते ठेकेदाराचे. आमच्या शिबिरात त्यांचं वजनसुद्धा होत नाही. माझ्या आकड्याच्या छेदातही तसंच भोक होतं, आणि ते सहा वर्षं मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना विचारलं, तब्येत कशी असते. त्या आधी "बरी" म्हणाल्या. मग बादली खाली ठेवून म्हणाल्या, "फिनेलच्या वासानं डोकं धरतं, ताई. रविवारी घरी असले की नाही धरत."

त्या महिन्याचं पान मी बदललं. प्रत्येक आकड्याखाली कोण मोजलं गेलं आणि कोण सुटलं ते लिहिलं. मावशींचं वाक्य त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच शब्दांत छापलं. सोबत एक अर्ज केला : या आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाला तपासणीत घ्यावं, मग पगार कुणीही देवो. पहिली सही मावशींची आहे, मग रक्षकांच्या, मग आमच्या. एकूण ६१ झाल्या.

अर्जावर निर्णय अजून व्हायचा आहे. पुढच्या अंकात मी तो कळवीन, आणि मावशींचा सोमवार कसा जातो हेही.