बुद्धीची मोजणी आणि घरची भाषा

गुजरातीत ‘केरी’ म्हणजे आंबा, कच्चा असो वा पिकलेला. मराठीत ‘कैरी’ म्हणजे कच्चे फळच. कतारगामात आमच्या तीन पिढ्या गेल्या, पण या फरकाने घरात कुणाचे काही अडले नव्हते. मात्र काही वर्षांपूर्वी नात्यातील आठ वर्षांच्या एका मुलास, शाळेत मागे पडतो म्हणून, बुद्धिमापनासाठी नेले. तेथे असाच एक दोन्ही भाषांतला शब्द आला. (चाचणीतील खरे प्रश्न उघड करू नयेत, असा या शास्त्राचा दंडक आहे, म्हणून येथे केरीचे उदाहरण घेतले.) मुलाने शेरीतला अर्थ सांगितला, परीक्षकास पुस्तकातला हवा होता. उत्तर चूक ठरले. अहवालात आलेला आकडा दुसऱ्या दिवशी साऱ्या शेरीस ठाऊक झाला होता.

बुद्धिमापनाचे शास्त्र सक्तीच्या शिक्षणातून जन्मले. फ्रान्समध्ये १८८२ साली शिक्षण सक्तीचे झाले आणि वर्गात मागे राहणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली मोजपट्टी तयार केली. आमच्या बाजूसही सक्ती फार मागे नव्हती. सयाजीराव महाराजांनी ती १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात लागू केली. सुरतेच्या शेजारचा नवसारी प्रांत त्यातच आला. बिने यांचा हेतू कोणत्या मुलास अधिक मदत हवी हे शोधण्याचा होता. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे मत त्यांना मान्य नव्हते.

अमेरिकेत मात्र ही पट्टी भलत्याच कामी लागली. हेन्री गॉडर्ड यांच्या सहकाऱ्यांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी माणसांची दुभाष्यामार्फत परीक्षा घेतली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या इटालियनांपैकी ७९ टक्के आणि रशियनांपैकी ८७ टक्के लोक मंदबुद्धी ठरले. ही माणसे मोजकी व निवडलेली होती, लांबच्या प्रवासाने थकलेली होती, आणि पुष्कळांनी कधी हाती लेखणी धरली नव्हती. पोटासाठी गाव सोडून परभाषेच्या मुलखात आलेल्या घराण्यांनी हा प्रसंग विसरू नये, असे आम्हांस वाटते.

याच्या उलट उदाहरण मराठीच्या सीमेवरचे आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने-पट्टीची नवी रचना केली. तिच्यावरील त्यांचा लेख १९३४ मध्ये आणि ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामात नुसते भाषांतर चालत नाही. प्रश्न इथल्या मुलांपुढे ठेवून, कोणत्या वयाची बहुतेक मुले तो सोडवितात हे पाहावे लागते, आणि त्यावरून त्याची जागा ठरते. परदेशी मुलास सहाव्या वर्षी सोपा जाणारा प्रश्न आपल्याकडे आठव्या वर्षाचा ठरू शकतो, किंवा याउलटही. पुढे ए. जे. मालिन यांनी नागपुरात वेश्लर यांच्या चाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केले. ते मराठीतही आहे.

मोजण्याची रीत फार गूढ नाही. बिने-पद्धतीत मूल जेथवर सर्व प्रश्न सोडविते ते वय पायाभूत धरतात, पुढच्या वयांच्या प्रत्येक बरोबर उत्तराचे महिने त्यात मिळवितात, आणि सारेच प्रश्न चुकू लागले की थांबतात. येणारे मानसिक वय प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, तर गुणांक ७५. हा भागाकार कुणीही करील. खरे कौशल्य त्याआधीचे आहे. मुलाची भीती घालवावी लागते, सूचना ठरल्या शब्दांतच द्याव्या लागतात, उत्तर सुचविण्याचा मोह आवरावा लागतो, आणि मूल तापातून उठले असेल तर त्या दिवशी परीक्षा घ्यायची नसते. एकाच आकड्यावरून निदानही करायचे नसते. मूल घरी स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून वस्तू आणते का, हे आईला विचारायचे असते. त्यासाठी सामाजिक परिपक्वतेची निराळी पट्टी आहे, आणि तिचेही भारतीय रूप मालिन यांनीच नागपुरात केले.

आपल्या कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्यास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरी आमच्या प्रकरणात बोभाटा परीक्षकाने केला नव्हता. अहवालाचा कागद घरातल्याच वडीलधाऱ्यांनी चार जणांस दाखविला. काळजीपोटी, हे खरे, पण मुलास कुणी विचारले नव्हते.

वर्षभराने त्यास दुसरीकडे नेले तेव्हा आम्ही आधीच विचारले की प्रश्न कोणत्या भाषेत विचारणार, आणि तुलना कोणत्या मुलांशी होणार. परीक्षक बाईंना प्रश्नांचा राग आला नाही. त्यांनी शब्दांची परीक्षा बाजूस ठेवून ठोकळे व आकृत्या यांपासून आरंभ केला. अहवालात आकड्याच्या आधी त्यांनी लिहिले की मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची व खेळाची गुजराती असून भाषिक भागातील गुण जपून वाचावेत. तो कागद आता मुलाच्या आईच्या कपाटात कुलपात असतो.